संगणकाचा हजेरीपट

पहिल्या तासाची घंटा होते. बाई हजेरीपट उघडतात. एकेक नंबर पुकारला जातो आणि वर्गातून ‘हजर!’, ‘हजर, बाई!’ असे आवाज उठतात. मधेच एखादा पठ्ठ्या न आलेल्या मित्राच्या वतीनं, आवाज बदलून ‘हजर’ म्हणून मोकळा होतो! वर्गात खसखस पिकते. बाईंच्या लक्षात आलं नाही, तर त्या दिवशी हजेरीपटात एक खोटी नोंद कायमची होऊन बसते.

मित्रांनो, असाच एक हजेरीपट संगणकाच्या पोटातही असतो, हे तुम्हांला ठाऊक आहे का? कोण आलं, कुठून आलं, किती वाजता आलं आणि कधी गेलं, हे सगळं तो निमूटपणे लिहून ठेवतो. तो वाचणारे प्रोग्रॅम लिहिता येतात. त्यात खोट्या नोंदी करणारेही असतात. आणि अशाच नोंदींतली अवघ्या पाऊण डॉलरची गडबड एका माणसाला खटकली, म्हणून परदेशी हेरांसाठी काम करणारे चोर पकडले गेले. कसे, ते शेवटी सांगणारच आहे. पण आधी हा हजेरीपट नीट पाहू या.

एक यंत्र, अनेक माणसं

आज घरोघरी संगणक दिसतो. आईच्या फोनमध्येसुद्धा एक छोटा संगणकच असतो. पण १९६९ मध्ये तसं नव्हतं. त्या वर्षी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची या दोघांनी ‘युनिक्स’ नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सुरू केलं. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा कारभारीच म्हणा ना! कोणाला किती जागा द्यायची, कोणाचं काम आधी करायचं, हे सगळं तोच बघतो.

तेव्हा संगणक भारी महाग. एकाच यंत्राला अनेक टर्मिनल जोडलेले असत. टर्मिनल म्हणजे टाइप करायचा कळफलक आणि उत्तर छापणारं किंवा दाखवणारं साधन. प्रत्येकानं आपलं नाव आणि पासवर्ड टाइप करायचा, मगच आत प्रवेश! यालाच ‘लॉगिन’ म्हणतात. काम संपलं, की बाहेर पडायचं, म्हणजे ‘लॉगआउट’ करायचं.

मग साहजिकच प्रश्न आला, की आत्ता यंत्रावर कोण कोण बसलं आहे? यंत्र बंद करायचं झालं, तर कोणाला आधी कळवायचं? युनिक्सच्या अगदी पहिल्या माहितीपुस्तकावर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. त्यातच या प्रश्नाचं उत्तर सापडतं. ‘हू’ असा एक हुकूम त्यात दिला आहे. हू म्हणजे कोण! तेवढं टाइप केलं, की हजर असलेल्यांची यादी समोर येई. हा हुकूम आजही जसाच्या तसा चालतो.

फळा आणि वही

आता तुमच्या वर्गात डोकावू या. फळ्याच्या कोपऱ्यात ‘पट ५२, हजर ४७’ असं लिहिलेलं असतं ना? ती झाली आजची, आत्ताची माहिती. उद्या ती पुसून नवी लिहायची. हजेरीपटाची वही मात्र वेगळी. तिच्यातलं काही पुसायचं नाही. रोज पुढे पुढे लिहीत जायचं.

युनिक्सनं हेच केलं. ‘यूटीएमपी’ नावाची फाइल म्हणजे फळा. आत्ता कोण आत आहे, एवढंच तिला ठाऊक. ‘डब्ल्यूटीएमपी’ नावाची दुसरी फाइल म्हणजे वही. येणाऱ्याची नवी ओळ, जाणाऱ्याची नवी ओळ, अशी ती वाढतच जाते. ‘लास्ट’ हा हुकूम ही वही शेवटून सुरुवातीकडे वाचून दाखवतो, म्हणजे ताजी नोंद सर्वांत वर.

पुढे लिनक्समध्ये ‘बीटीएमपी’ नावाची तिसरी फाइलही आली. चुकीचा पासवर्ड देऊन जे दारातच अडकले, त्यांची ही यादी. गंमत म्हणजे फळा आणि वही सगळ्यांना वाचता येतात, पण ही तिसरी यादी मात्र कुलपात असते. ती फक्त संगणकाच्या व्यवस्थापकालाच उघडता येते. का बरं? विचार करा पाहू.

अहो, घाईघाईत माणूस काय करतो? नावाच्या जागी चुकून पासवर्डच टाइप करून टाकतो! मग तो पासवर्ड ‘नाव’ म्हणून त्या यादीत जसाच्या तसा लिहिला जातो. यादी उघड्यावर असती, तर कोणीही तो वाचला असता. बघा, एका साध्या यादीतसुद्धा किती विचार करावा लागतो!

वही वाचायची कशी?

ही वही शब्दांत लिहिलेली नसते. ती साध्या लेखन-प्रोग्रॅममध्ये उघडली, तर चित्रविचित्र खुणाच दिसतील. कारण ती छापील फॉर्मसारखी असते. प्रत्येक नोंद ठरावीक लांबीची आणि तिच्यात ठरावीक रकाने. आपल्या नेहमीच्या घरगुती संगणकावर लिनक्स असेल, तर अशी एक नोंद ३८४ बाइटची असते. त्यात नावासाठी ३२ बाइट, टर्मिनलच्या नावासाठी ३२ बाइट, कोणत्या दूरच्या यंत्रावरून आला त्यासाठी २५६ बाइट, शिवाय वेळेचा रकाना आणि नोंदीचा प्रकार सांगणारा एक आकडा. प्रकार २ म्हणजे संगणक सुरू झाला. प्रकार ७ म्हणजे कोणीतरी आत आलं. प्रकार ८ म्हणजे तिथलं काम संपलं.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हे बाइट मोजत बसावं लागत नाही. त्यासाठी तयार साधनं दिलेली आहेत. त्यांची नावं उच्चारताना जीभ अडखळते खरी, पण काम सोपं आहे. ‘सेटयूटीएक्सएन्ट’ म्हटलं, की पहिल्या नोंदीवर बोट ठेवलं जातं. ‘गेटयूटीएक्सएन्ट’ म्हटलं, की पुढची एक नोंद हातात येते. नोंदी संपल्या, की रिकामा हात परत येतो. ‘एन्डयूटीएक्सएन्ट’ म्हटलं, की फाइल बंद.

मग ‘आत्ता कोण हजर आहे?’ हे सांगणारा प्रोग्रॅम असा होईल:

१. पहिल्या नोंदीवर जा.
२. एक नोंद घे. नोंद मिळाली नाही, तर पाचव्या पायरीवर जा.
३. नोंदीचा प्रकार ७ असेल, तर नाव, टर्मिनल आणि वेळ छाप.
४. पुन्हा दुसऱ्या पायरीवर जा.
५. फाइल बंद कर.

झाला की प्रोग्रॅम! ‘हू’ हा हुकूम मुळात एवढंच करतो. ही साधनं आपण होऊन फळाच वाचतात. वही वाचायची असेल, तर लिनक्समध्ये आधी तिचं नाव सांगावं लागतं, इतकंच.

वहीची गोष्ट जरा डोकं चालवायला लावणारी आहे. तिच्यात जाणाऱ्याच्या ओळीत त्याचं नाव नसतं! नावाचा रकाना रिकामा असतो. फक्त टर्मिनल आणि वेळ. मग गेलं कोण, हे ओळखायचं कसं? हे पाहा एक छोटं उदाहरण:

१०.०० – संगणक सुरू
१०.०५ – टर्मिनल १ – आरती
१०.१० – टर्मिनल २ – समीर
१०.५० – टर्मिनल १ – (नाव रिकामं)
११.०० – टर्मिनल १ – फातिमा

आता सांगा, आरती किती वेळ बसली होती? आणि सव्वाअकरा वाजता कोण कोण हजर होतं?

टर्मिनल १ वर १०.५० ला नाव रिकामं आहे. त्या टर्मिनलवर त्याआधी आलेलं नाव आरतीचं. म्हणजे तीच बाहेर पडली. १०.०५ ते १०.५०, एकूण ४५ मिनिटं. आणि सव्वाअकराला हजर होते समीर आणि फातिमा. जमलं ना? शाबास! ‘लास्ट’ हा हुकूमही अशाच जोड्या जुळवतो.

आता समजा, ११.२० ला वीज गेली! संगणक धाडकन बंद. समीर आणि फातिमा यांना लॉगआउट करायला वेळच मिळाला नाही. वहीत त्यांची बाहेर पडल्याची ओळ नाही. मग ते कायमचे हजरच का? नाही. वीज आल्यावर वहीत ‘संगणक सुरू’ अशी नवी ओळ पडते. आधी आलेले सगळे तेव्हा बाहेर पडलेलेच असणार, हे प्रोग्रॅम ओळखतो आणि त्यांच्यापुढे ‘क्रॅश’ असा शेरा मारतो. बाईंचा शेरा असतो ना, तसाच!

अपुरा पडणारा रकाना

वेळेच्या रकान्याचीही एक गोष्ट आहे. संगणक ‘मंगळवार, दुपारी तीन’ असं लिहीत नाही. १ जानेवारी १९७० पासून, ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून, किती सेकंद झाले, तो आकडा लिहितो. लिनक्सच्या या जुन्या फॉर्मवर त्यासाठी ३२ बिटांची जागा आहे. त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७. हे सेकंद भरतील १९ जानेवारी २०३८ रोजी. त्या दिवशी मंगळवार असेल आणि आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झालेले असतील. पुढच्याच सेकंदाला आकडा उलटा फिरेल आणि हजेरीपटात तारीख पडेल डिसेंबर १९०१ ची!

बरं, आता संगणक ६४ बिटांचे झाले तरी ही अडचण का राहिली? कारण जुने ३२ बिटांचे प्रोग्रॅम आणि नवे प्रोग्रॅम या दोघांनाही तीच वही वाचता यावी, म्हणून फॉर्म तसाच ठेवला गेला. आता त्यावर उपाय सुरू झाला आहे. काही लिनक्समध्ये या वहीच्या जागी ‘डब्ल्यूटीएमपीडीबी’ नावाचा छोटा डेटाबेस आला आहे. त्यात वेळेला भरपूर जागा आहे. फॉर्म छापताना रकाना किती मोठा ठेवायचा, हा प्रश्न वाटतो तितका साधा नसतो, बरं का!

पाऊण डॉलरचा हिशेब

आता तुम्ही ज्याची वाट पाहत होतात, ती चोरीची गोष्ट.

सन १९८६, ऑगस्ट महिना. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल नावाचे एक खगोलशास्त्रज्ञ होते. त्यांचं दुर्बिणीचं काम संपलं, म्हणून त्यांना संगणक विभागात बसवलं होतं. त्या काळी संगणक वापरल्याचे पैसे लागत. कोण किती वेळ बसलं, ते मोजून ज्याच्या त्याच्या विभागाला बिल जाई. हा हिशेब दोन वेगवेगळे प्रोग्रॅम ठेवत होते. एक युनिक्सचा आणि एक प्रयोगशाळेनं स्वतः केलेला. दोघांचा मेळ बसायला हवा. पण बसेना. फरक होता ७५ सेंटचा, म्हणजे पाऊण डॉलरचा.

‘जाऊ दे, एवढंसं तर आहे!’ असं कोणीही म्हटलं असतं. स्टॉल म्हणाले नाहीत. प्रोग्रॅममध्ये बेरीज चुकते का, ते त्यांनी आधी तपासलं. तिथे चूक नव्हती. मग सापडलं एक नाव, ‘हंटर’. या माणसानं संगणक वापरला होता, पण त्याचं बिल कोणत्या विभागाला पाठवायचं, त्याचा पत्ताच नव्हता. असा माणूस प्रयोगशाळेत कोणाला ठाऊकही नव्हता!

थोड्याच दिवसांत दुसऱ्या एका ठिकाणाहून तक्रार आली, की तुमच्या संगणकावरून कोणीतरी आमच्याकडे शिरायचा प्रयत्न करतंय. आता मात्र शंका उरली नाही. घरात चोर होता.

कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते आणि कावळा ते आपलंच समजून उबवतो, हे तुम्हांला माहीत आहे. या चोरानं तेच केलं होतं. त्या संगणकावर दर पाच मिनिटांनी आपोआप चालणारा एक प्रोग्रॅम होता आणि त्याला व्यवस्थापकाचे सगळे अधिकार होते. दुसऱ्या एका प्रोग्रॅममधल्या चुकीचा फायदा घेऊन चोरानं खऱ्याच्या जागी आपला खोटा प्रोग्रॅम ठेवला. संगणकानं तो इमानानं चालवला आणि चोर झाला व्यवस्थापक! पुढे स्टॉल यांनी या साऱ्या प्रकरणावर १९८९ मध्ये पुस्तक लिहिलं, त्याचं नावच ‘कोकिळेचं अंडं’ अशा अर्थाचं आहे.

वही कुणाच्या ताब्यात?

इथे स्टॉल यांच्यापुढे मोठा पेच पडला. व्यवस्थापक झालेला चोर काहीही वाचू शकत होता आणि काहीही पुसू शकत होता. तो आत आला, की आधी कोण कोण हजर आहे ते बघे. व्यवस्थापकांपैकी कोणी दिसलं, की सावध होई. म्हणजे आपला हजेरीपट आता चोरच वाचत होता! अशा संगणकात त्याच्यावर पाळत ठेवणारी नोंद लिहायची, म्हणजे चोराच्याच हातात चौकशीचे कागद देण्यासारखं.

मग त्यांनी काय केलं? एका शनिवार-रविवारी त्यांनी प्रयोगशाळेतल्या इतरांच्या टेबलांवरचे प्रिंटर आणि टर्मिनल गोळा करून आणले आणि बाहेरून येणाऱ्या तारांना जोडून टाकले. चोर जे जे टाइप करील, ते थेट कागदावर उमटायचं. संगणकाला त्याची खबरच नाही! कागदावरची शाई पुसायला चोराला प्रयोगशाळेत स्वतः चालत यावं लागलं असतं. पुढे चोर आला, की खिशातला पेजर वाजेल, अशीही सोय त्यांनी केली.

पाठलाग अनेक महिने चालला. फोनच्या तारा शोधत शोधत माग निघाला तो थेट तेव्हाच्या पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात. तिथलं टेलिफोन एक्स्चेंज जुन्या पद्धतीचं. कॉल कोठून आला, ते शोधायला बराच वेळ लागे आणि तेवढ्यात चोर निघून जाई. मग त्याला गुंतवून ठेवायला स्टॉल यांनी संरक्षण-प्रकल्पाची म्हणून भल्यामोठ्या खोट्या फाइली तयार करून ठेवल्या. चोर त्या वाचत बसला आणि माग पुरा झाला! मार्कुस हेस हे त्याचं नाव. त्यानं एकूण सुमारे ४५० संगणकांची दारं ठोठावली होती आणि तिसाहून अधिक संगणकांत तो शिरलाही होता. मिळालेली माहिती तो आणि त्याचे साथीदार सोव्हिएत रशियाच्या केजीबी या हेरखात्याला विकत होते. १९९० मध्ये त्यांच्यावरचे आरोप सिद्ध झाले.

यातून संगणक सांभाळणारे सगळेच एक गोष्ट शिकले. ज्याची हजेरी घ्यायची, त्याच्याच हाती वही ठेवायची नसते. तरी हा धडा गिरवायला वेळ लागला हं! १९९४ मध्ये सनओएस नावाच्या एका युनिक्सबद्धल जाहीर इशारा द्यावा लागला, कारण त्यावरचा ‘फळा’ कोणालाही लिहिता येईल असा उघडा राहिला होता. आता मोठ्या संस्था नोंदींची एक प्रत लगेच दुसऱ्या यंत्रावर पाठवतात. घरात चोर शिरला, तरी शेजाऱ्याकडची वही शाबूत राहते. आपल्या देशातही २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी संस्थेनं आदेश काढून संगणकांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायला सांगितलं.

पुन्हा एकदा ‘हजर, बाई!’

आता तुमच्याआमच्याकडे वळू या. घरी विंडोज असलं, तरी त्यातही अशी वही असते. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधल्या सुरक्षेच्या नोंदींत ४६२४ हा क्रमांक म्हणजे कोणीतरी आत आलं आणि ४६२५ म्हणजे दारातच अडकलं. आईबाबांना बरोबर घेऊन एकदा जरूर पाहा. यंत्राचे स्वतःचे कामगार-प्रोग्रॅमही तिथे सतत येत-जात असतात. त्यामुळे नोंदी शेकड्यांनी दिसल्या, तर घाबरू नका. शाळेच्या संगणकात लिनक्स असेल, तर सरांना विचारून ‘हू’ हा हुकूम देऊन बघा.

पण पालकांनो आणि मुलांनो, दोन गोष्टी ध्यानात ठेवू या. पहिली म्हणजे, ही वही माणसाबद्दल बरंच काही सांगते. कोण रात्री किती वाजेपर्यंत जागं होतं, कोण कधी कामावर आलं, हे तिच्यात दिसतं. ती घराच्या आणि यंत्राच्या राखणीसाठी आहे, शेजारच्याच्या खिडकीत डोकावायला नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या वर्गातलीच. मित्रानं विश्वासानं किंवा चुकून सांगितलेला पासवर्ड वापरून तुम्ही त्याच्या नावानं आत शिरलात, तर संगणक काय लिहील? त्याचंच नाव! म्हणजे पुन्हा तेच, आवाज बदलून ‘हजर’ म्हणणं झालं. उद्या काही बिघडलं, तर जाब विचारला जाईल त्या बिचाऱ्याला. आणि लबाडीनं दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं हा आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ सी या कलमाखाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची शिक्षा आहे. वर्गातली खसखस आणि ही गंमत यांत फार मोठं अंतर आहे.

संगणकाची वही कधी कंटाळत नाही. जे समोर येतं, ते ती इमानानं लिहिते. पण लिहिलेलं खरं आहे का, बेरीज जुळते का, एखादं अनोळखी नाव मधेच कुठून आलं, हे तिला कळत नाही. ते कळायला स्टॉल यांच्यासारखं, पाऊण डॉलरसाठीही अडून बसणारं माणूस लागतं. पुढच्या वेळी गणितात तुमचं उत्तर एकानं चुकलं, तर ‘जाऊ दे’ म्हणून वही मिटू नका. तो एक कुठे गेला, ते शोधाच!